पाक केलेला फुरू

माझी मोठी जाऊ ताहेरुन्निसा स्वतःला दोहाच्या नजमा मोहल्ल्यातल्या यच्चयावत कोकणी बायकांची काझी समजायची. कुराण तिला धड वाचता येत नव्हतं, पण कुणाचं भांडं पाक आणि कुणाचं नापाक, हे ती वासावरून सांगायची. त्या नाकाचा मला मनापासून तिटकारा होता.

आमच्या शेजारच्या खोलीत दिलावर राहायचा. दार्जिलिंगच्या वीजघरात फिटर असताना त्याने एका शेर्पा मुलीशी निकाह केला, ती सितारा. तिच्याजवळ बापाने झाडाच्या गाठीतून कातलेला लाकडी पेला होता. फुरू म्हणायची ती त्याला. त्यांच्यात ज्याचा फुरू त्याचाच. पाहुणासुद्धा अंगरख्यातून स्वतःचा फुरू काढून पुढे धरतो आणि घरवाल्याने तो भरायचा. इथल्या उन्हात तडकू नये म्हणून सितारा त्याला रोज तेलाचं बोट फिरवायची. बाप वारला तेव्हा ती दोहात होती. त्याची म्हणून एवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती.

त्रेसष्टच्या ऑगस्टात मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं पठण, आमच्या घरी ठरला. सितारा फुरू घेऊनच येणार, म्हणून ताहेरुन्निसाने तिला विचारलं, "तुजा बाप यात काय पियाचा गो?"

वेडीने खरं सांगितलं. चहा, आणि सणाला छांग.

"म्हंजे दारू! अल्ला तोबा!"

दुसऱ्या दिवशी सितारा दवाखान्यात गेली, तशी आमच्या काझीने फुरू उचलला, सोडा घालून तीनदा उकळला आणि गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवला.

"भाबी, लाकूड हाय ता," मी म्हटलं.

"तू गप ऱ्हव. सवाबचा काम हाय." पुण्याची तिला भारी हाव.

संध्याकाळी फुरूला काठापासून बुडापर्यंत भेग गेली होती. बाईची ऐट मात्र हजहून परतल्यासारखी. "घे, आता पाक झाला," म्हणत तिने तो सिताराच्या हातात ठेवला. माफी नाही की काही नाही. सिताराने भेगेवरून बोट फिरवलं आणि ती आत गेली. भिंतीपलीकडून मला तिचं रडणं ऐकू येत होतं.

मौलूदच्या दिवशी ताहेरुन्निसाने नवाकोरा इराणी गालिचा अंथरला. सगळ्या दोहाला दाखवायचा होता ना! मौलूद संपला आणि ती स्वतः किटली घेऊन फिरू लागली. सिताराने समोरचा चिनी कप बाजूला सारला, ओढणीतून फुरू काढला आणि गालिच्यावर हात लांब करून धरला.

"भाबी, यात द्या."

"अगो, फुटलाय तो."

"पन पाक हाय ना? तुमीच केला. ओता."

सगळ्या बायका ताहेरुन्निसाकडे बघू लागल्या. नाही म्हणावं तर स्वतःचाच सवाब खोटा पडत होता. ताहेरुन्निसाने दात आवळून ओतलं. चहा भेगेतून सिताराच्या बोटांवर आणि तिथून गालिच्यावर ओघळला. सिताराने हात मागे घेतला नाही.

"भरला नाय, भाबी. अजून."

किटली रिकामी झाली, तेव्हा मी आतून दुसरी आणून ताहेरुन्निसाच्या हातात दिली.