जयवंतीची साक्ष

तुळशीदास दुसऱ्यांदा आमदार झाले त्याच वर्षीच्या मे महिन्यात मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर ते पाण्याची पाहणी करायला गेले होते. बरोबर पत्रकार होते, बायको जयवंती होती. आटलेल्या विहिरीपाशी उभं राहून ते सांगत होते, "महिनाभर इथं रोज टँकर येतोय."

ग्रामसेविका प्रमिला शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "नाही साहेब. पहिला टँकर काल आला. तोही तुम्ही येणार म्हणून."

पत्रकार हसले. तुळशीदासांनी तिच्या कानाखाली मारली. ती विहिरीच्या कठड्यावर आदळली.

खटला तीन वर्षं चालला. साहेबांनी हात उचललाच नाही, बाईंचा पाय घसरला, असं त्यांच्या वकिलाचं म्हणणं होतं. तसं सांगायला त्यानं जयवंतीला उभं केलं. काय बोलायचं ते आठवडाभर तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर जयवंतीनं पदर सावरला. वकिलानं विचारलं तेव्हा तिनं समोर बसलेल्या प्रमिलाकडे बघितलं. मग म्हणाली, "मारलं त्यांनी. मी बाजूलाच होते."

परतीच्या वाटेवर गाडी जव्हारला आली. मग तुळशीदास म्हणाले, "तुला माझं वाटोळं करायचं होतं का?"

"नाही. मला खोटं सांगता येईना. ती पोर समोर बसली होती."

शिक्षा दोन वर्षांची लागली. अपिलासाठी जामीन मिळाला, पण आमदारकी त्याच दिवशी गेली. आठवड्याभरात अंगरक्षक काढून घेतला. त्यांच्या गावी, पोशेऱ्यात, घरापुढे सकाळपासून ताटकळणारी माणसं कमी होत गेली, मग थांबलीच. पक्षाच्या बैठकीचा निरोपही येईना. तुळशीदास ओटीवर बसून फोनकडे बघत राहायचे. जयवंती चहा आणून ठेवायची. ते तिच्याशी बोलत नव्हते.

उच्च न्यायालयातला वकील म्हणाला, "त्या बाईंनी तडजोडीचं प्रतिज्ञापत्र दिलं, तर थोडी आशा आहे."

प्रतिज्ञापत्राचे कागद घेऊन तुळशीदास एकटेच जामसरला प्रमिलाच्या घरी गेले. ती अंगणात नाचणी पाखडत होती. त्यांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती वळली.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "बसा."

डॉक्टरांचा दाखला कोर्टात आला होता. तो खोटा आहे असं तुळशीदासांनीच वकिलाकरवी सांगितलं होतं. ते उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. कागद काढायला खिशाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"माझं चुकलं, बाई."

प्रमिलानं सूप खाली ठेवलं. "मला इथं सांगून काय होणार? तिथं सगळ्यांसमोर मारलंत. सांगायचंच तर तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाड्यावर गेले. विहिरीवर सात-आठ बाया होत्या. त्यांना बघून बायांनी हंडे खाली ठेवले.

"त्या दिवशी मी प्रमिलाताईंना मारलं," ते म्हणाले. "त्या खरं बोलत होत्या. टँकर येतच नव्हता."

मग म्हातारी कमू म्हणाली, "ते आमाला ठावं हाय, साहेब. आमी हितंच होतो ना."

"हो."

"कोर्टात का नाय बोलला?"

"भ्यालो," तुळशीदास म्हणाले.

कमूनं मान हलवली आणि हंडा डोक्यावर घेतला.

तडजोडीच्या कागदांवर सही झालीच नाही. उच्च न्यायालयानं दिलासा दिला नाही. पावसाळ्याआधी पोटनिवडणूक लागली. प्रचाराची पहिली जीप पोशेऱ्यातून गेली तेव्हा तुळशीदास जयवंतीबरोबर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून राब भाजायला शेतावर गेले होते. कर्णा लांबून ऐकू येत होता. त्यांनी मान वर केली.

"जायचंय का तिकडं?" जयवंतीनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तू तिकडून पेटव. वारा फिरलाय."