हाक मारू नये

“ताई, नसेल जमत तर आज राहू दे,” लेझरवर प्रयोग करणारा अदीब म्हणाला. चिपची डबी त्याने मुठीतच धरली होती.

कुमुदने ती त्याच्या हातातून काढून घेतली. “शेवटचीच ना ही?”

“शेवटची. बाहेरून तीन आल्या होत्या, दोन जळल्या. ही गेली तर माझं कामच बंद.”

पनवेलबाहेरच्या त्या लहानशा कंपनीत लेझरच्या चिपांना तारा जोडायचं काम कुमुद नऊ वर्षं करत होती. सोन्याची तार, केसाहून बारीक. मायक्रोस्कोपला डोळे लावायचे, सुई टेकवायची आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. पहिल्याच वर्षी तिने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला टांगलं होतं : ‘तार जोडणे चालू. हाक मारू नये.’ साहेबसुद्धा निमूट पाठीमागे उभे राहत आणि तिने मान वर केली की मगच बोलत. या गोष्टीचा तिला केवढा तोरा होता!

एकोणीस दिवसांपूर्वी कृष्णाबाई अशीच उभी राहिली होती. चहापाणी आणि झाडलोट बघणारी ही बाई नियमाला पक्की. महादेवच्या, म्हणजे कुमुदच्या नवऱ्याच्या छातीत डेपोत कळ आली, दवाखान्यात नेलंय, तुमचं नाव घेतोय, असा फोन आला तेव्हा कुमुदची तार अर्धी जोडून झाली होती. कृष्णाबाई वीस मिनिटं थांबली. कुमुद रिक्षाने पोचली, तेव्हा महादेवला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

विसातून दहा गेले, दहा उरले. हे गणित तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कृष्णाबाईवर चिडावं, तर पुठ्ठ्यावरचं अक्षर स्वतःचंच. तिला रडू आलं नाही, दहाव्याला नाही की तेराव्याला नाही. नणंद चारचौघींत म्हणाली, दगड आहे. कुमुदलाही ते खरंच वाटलं. आत काही दुखतच नव्हतं.

कामावर आली तर मॅनेजर म्हणाले, “आता पॅकिंगला बसा. डोक्याला ताप नाही.” तेव्हा मात्र ती घाबरली. या स्टुलाखेरीज आपलं म्हणावं असं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. एक दिवस बघा, असं तिने त्यांना विनवलं होतं; आज हात चालला तरच ते राहणार होतं.

“ही चिप करते काय एवढं?” अंगातली वीज चिपला लागू नये म्हणून घालायचा पट्टा मनगटाला बांधताना तिने विचारलं.

“हिचा उजेड कडेने नाही, वरून निघतो. वीतभरावर आरसा ठेवलाय. उजेड तिथून परत आला की नेमका त्याच वेळी विजेचा धक्का द्यायचा. पाळण्याला झोका देतात ना, तसा. मग सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा होतो. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातल्या वीस-तीस तुकड्यांपुरता.”

“आणि वेळ चुकली तर?”

“मग खेळ खलास,” अदीब हसून म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली. कुमुदने डोळे मायक्रोस्कोपला लावले. तो हळूच शेजारच्या खोलीत गेला.

पहिलं टोक बसलं. हात जराही हलला नाही, याची तिला लाजच वाटली. तार वळवून तिने दुसऱ्या टोकावर सुई आणली आणि तेवढ्यात पाठीमागे मिश्रीचा वास आला. कृष्णाबाई उभी होती. न बोलता.

तार अर्धी होती. आधी ती पुरी करायची, मग मान वर. नऊ वर्षांत यात खंड पडला नव्हता.

कुमुदने सुई सोडली. तार तुटली.

“काय झालं? कृष्णाबाई, काय झालं? बोला ना!”

कृष्णाबाई दचकली. “काय नाय गो बाय. च्या आनलाय.”

“किती वेळ उभ्या आहात?”

“आत्ताच आले. आमी कवा हाक मारली काय तुला?”

कुमुदने चहाकडे पाहिलं. वाफ येत होती. तिचा हात कापायला लागला, आधी बोटं, मग कोपरापर्यंत. तिने तो दुसऱ्या हाताने दाबून धरला, तर दोन्ही कापू लागले. कृष्णाबाईने कप खाली ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग कुमुदने तुटकी तार चिमट्याने उचलून टाकली आणि नवी घेतली. चिपवर आणखी एका टोकापुरती जागा होती. हात अजून कापतच होता. ती दोन कापऱ्यांच्या मधली स्थिर घटका येईपर्यंत थांबली, आणि ती आल्यावर सुई टेकवली. तार बसली.

अदीब चिप घेऊन गेला. तासाभराने तो शेजारच्या खोलीतून ओरडला, “ताई! उजेड आला! या, बघायला या!”

उजेड मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर टोकदार रेघा उभ्या होत्या, एकीसारखी दुसरी. “उजेड कुठाय?” तिने विचारलं.

“तो डोळ्यांना दिसत नाही, ताई.”

टेबलाशी परतून तिने खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि उलटा करून खणात टाकला.

“कृष्णाबाई, यापुढे हाक मारायची.”

“तार तुटंल ना गो.”

“तुटू दे,” कुमुद म्हणाली, आणि निवलेला चहा तिने उभ्यानेच पिऊन टाकला.