सृष्टीचा पिवळा दोर

मित्रांनो, मी गोफ आहे, जुना आणि थोडासा चिडका. गळ्यातला सोन्याचा गोफ नव्हे बरं का! माझ्यात सोन्याचा कणही नाही. जामखेड तालुक्यातल्या एका लहान गावात, शाळेसमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला मला टांगतात. आठ रंगीत दोर खाली सोडतात. एकेक मूल एकेक दोर धरतं आणि सगळी नाचत, एकमेकांच्या आतून-बाहेरून जात माझी वेणी घालतात. मग तीच पावलं उलटी टाकून ती सोडवतात.

मला गावातल्या म्हाताऱ्या बनुबाईंनी घडवलं; नाचही त्याच शिकवतात. घराघरांतून जुनी लुगडी मागून आणली, फाडली आणि पीळ दिला. हिरवा दोर ज्वारीचा, निळा ओढ्याचा, काळा रानातल्या मातीचा. पिवळा बाभळीच्या फुलांचा. ज्या सृष्टीची ही गोष्ट, तिच्या आईच्या हळदीच्या साडीतून तो निघाला. मुलं खुरपल्यासारखी वाकतात, मोरासारखी मान वळवतात आणि अख्खं शिवार माझ्यात गुंफलं जातं. काय ऐट असते तेव्हा माझी! मध्ये काही वर्षं स्पीकरवरच्या गाण्यांचं खूळ आलं आणि मला पोत्यात कोंबलं. उंदरांनी कुरतडलं हो! तो राग अजून गेलेला नाही.

असो. दसरा झाला होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या नाचाचा सराव चालू होता. पिवळा दोर सहावीतल्या सृष्टीच्या हातात होता. वेणी अर्धी झाली आणि रस्त्यावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. ऊसतोडीची टोळी ठरल्यापेक्षा आधीच निघाली होती. सृष्टीचे वडील गोरक्ष कुंपणापाशी येऊन ओरडले, "चल गं बाई, समदे खोळंबलेत!"

सृष्टी दोर सोडेना. रडवेली होऊन म्हणाली, "बनुआजी, माझा दोर दुसरीला द्याल."

"न्हाई देत. ज्यानं गुंफला त्यानंच सोडवायचा, ही आपली रीत हाय. जा तू बिनघोर."

ती गेली. मी अर्धा गुंफलेला तसाच लोंबत राहिलो. चिमण्या माझे धागे ओढून घरट्याला नेऊ लागल्या. न्या म्हटलं, तेवढाच उपयोग!

संमेलन जवळ आलं. शाळेच्या सत्यशीला मॅडम म्हणाल्या, "बनुबाई, पिवळा दोर दुसऱ्या मुलीला देऊ या. बाकीच्या मुलांचा हिरमोड नको." त्यांचंही चुकत नव्हतं. खरं सांगू? मलाही नाचायची फार हौस होती. तेवढ्यात निळा दोर धरणारी संस्कृती बोलली, "मॅडम, ती तिकडं वाट बघत असंल. आमी नुसत्या टिपऱ्या खेळतो, पण गोफ ऱ्हाऊ द्या."

आणि मुलं माझ्याखाली टिपऱ्याच खेळली. मी वरून बघत राहिलो. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्या पोरांचं कौतुक वाटलं.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. सृष्टी घरी न जाता थेट लिंबाखाली आली. उसाच्या पाचटाने हात ओरखडले होते. वर बघून तिने हळूच विचारलं, "माझा हाय का अजून?"

"मग! कोन नेतंय?" बनुबाई म्हणाल्या.

संध्याकाळी आठही जणं जमली. सृष्टीला धास्ती होती, पावलं विसरली असतील तर? पहिल्याच वळणाला ती चुकली. "आतनं गं, आतनं!" संस्कृती ओरडली आणि सगळी हसत सुटली. मग मात्र पावलं जुळली. एकेक वेढा सुटत गेला आणि पिवळा दोर मोकळा झाला, तेव्हा सृष्टीने तो गालाला लावला. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी रडलोच असतो.

लगेच मुलांनी सबंध नाच केला. टोळीतून परतलेली सगळी माणसं बघायला उभी होती. गोरक्ष पुढे येऊन म्हणाले, "औंदा निघताना ट्रॅक्टरवाल्याला मीच सांगतो. पोरांचा नाच पुरा झाल्याबिगर हॉर्न वाजवायचा न्हाई."

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, पोत्यात कोंबू नका. आणि तुमच्यातलं कुणी नाच अर्धा टाकून गेलं, तर त्याचा दोर दुसऱ्याला देण्याआधी थोडी वाट बघा. तिकडे ते रोज विचारत असतं, माझा आहे का अजून?