बर्फाच्या काठावरची घोंगडी

रविवार, २४ मे १९९८. आभाळ सकाळपासून दाटलेलं, वारा पडलेला, अंग घामाने चिकट. अशा दिवशी नथूने मला माळ्यावरून खाली काढलं.

मी एक काळी घोंगडी बोलतेय. देशावरच्या मेंढ्यांची लोकर, हातमागाची वीण आणि चिंचोक्यांची खळ यांतून माझा जन्म झाला. फिरत्या विक्रेत्याकडून नथूच्या वडिलांनी मला वटार गावी आणलं. भाताच्या लावणीत मी आधी बापाच्या डोक्यावर होते, मग मुलाच्या. पुढे प्लास्टिकचे कागद आले आणि मी माळ्यावर गेले. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. माणसं नवी वस्तू आणतात तेव्हा जुनीला काही सांगत नाहीत.

"मे महिन्यात घोंगडी? येडा झालास का रे?" नथूची थोरली बहीण धोंडूबाई म्हणाली. नथूची बायको वारल्यापासून त्याच्या मुलीला, जागृतीला, तिनेच वाढवलं होतं.

"बरफाशेजारी बसायचं हाय, आक्का. थंडी असते म्हने तिथं."

जागृती तेरा वर्षांची. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, चाकांचे बूट घालून ती हॉकी शिकली. मग खेळाच्या गॅब्रिएल सरांनी तिच्या संघाला खाडीपलीकडच्या करमणूक-बागेत, बंद दालनातल्या कृत्रिम बर्फावर नेलं. आज तिथे मुलींचा अंतिम सामना होता. जिंकणाऱ्या संघाला वर्षभर लेहला राहून हॉकी शिकायला मिळणार होतं. नथूने शब्द दिला होता, जिंकलीस तर जा. पोरी काही जिंकत नाहीत, असं त्याने आक्काला मागाहून हळूच सांगितलं होतं.

बर्फाभोवतीच्या बाकांवर खरोखर कुडकुडायला होत होतं. नथूने मला छातीशी गुंडाळलं. शेजारी बर्था होती, संघातल्या सेलिनची आई. आधी ती मला बघून हसली, मग थोड्या वेळाने सरकत आली.

"नथूभाऊ, मला पण द्या जरा. तो उंदराने खाल्लेला कोपरा मात्र तुमच्याकडेच ठेवा."

मग मी दोघांच्या गुडघ्यांवर पसरले आणि बघत राहिले. पोरी चालत नव्हत्या, वाहत होत्या. त्यांच्या बुटांखालची पाती ओल्या गवतातून विळा फिरावा तशी वाजत होती. चेंडूऐवजी असलेली काळी चकती कधी दिसायची, कधी नुसती ऐकू यायची.

जागृतीचा संघ एक-दोनने मागे होता. दारं सारखी उघडत होती, बाहेरची दमट हवा आत येत होती. हळूहळू बर्फातून धुकं उठलं. आधी पोरींचे पाय गेले, मग कंबर. हिवाळ्यात पहाटे खाडीकाठच्या खाजणावर दिसतं, तसं सगळं पांढरं झालं. पंचांनी शिट्टी वाजवली. पाव तास थांबू, धुकं हटलं नाही तर आहे तोच निकाल, असं त्यांनी जाहीर केलं.

"गेला सामना," बर्था म्हणाली.

माझा एक काठ नथूच्या छातीशी होता. त्याचा श्वास सैल झालेला मला कळला.

धुकं हलावं म्हणून पोरी बर्फावर गोल गोल फिरू लागल्या. हाताला लागेल ते कापड घेऊन या, असं सर ओरडून सांगत होते. कुणी ओढणी काढली, कुणी टेबलावरची चादर. जागृती कठड्याशी आली. केसांवर दव बसलं होतं.

"बाबा, घोंगडी द्या ना."

नथूने माझा काठ घट्ट धरला. सोडेना.

जागृतीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्हाला नको असेल तर राहू दे," ती म्हणाली, आणि परत धुक्यात शिरली. दोन हातांवर ती दिसेनाशी झाली.

नथू बसून राहिला. मग उठला. "बर्थाबाय, दुसरं टोक धरा."

चपला घालूनच ते बर्फावर उतरले. घसरत, एकमेकांना सावरत त्यांनी मला वर उचललं, खाली झोडलं, पुन्हा उचललं. इतकी वर्षं मी पाऊस अडवला होता. वारा घालायला मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या प्रत्येक हेलकाव्याला एक पांढरा पडदा सरकत होता आणि मागून एकेक पोर उगवत होती. शेवटी जागृती दिसली. तेव्हा नथू हात खाली घेऊन तिथेच उभा राहिला.

आता मी नथूच्या खाटेवर अंथरलेली असते. वीण विरली आहे, काठ सुटले आहेत. मला टाकून द्यायचंच ठरलं तर आधी एक दिवस उन्हात वाळत घाला, एवढंच मागणं. निकाल सांगायचा राहिला.

सामना जागृतीच्या संघाने तीन-दोन असा जिंकला. अकरा जूनला ती लेहला गेली.