धरणारं कुणी नाही

सर्व्हर रूममध्ये ताईला विचारल्याशिवाय पान हलत नसे. ज्यांच्यापुढे बाकीच्यांची बोलती बंद व्हायची असे संस्थेतले शास्त्रज्ञसुद्धा दारात उभं राहून "ताई, जरा बघता का?" असं लोण्यासारख्या आवाजात विचारायचे. तिला ताई म्हणायला सुरुवात केली ती तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने. तो याच संस्थेत पीएचडीला लागला, दिवसभर "ताई, ताई" करत फिरला, आणि महिन्याभरात ती सगळ्यांचीच ताई झाली.

हे नातंच तिला जाचायचं. बहीण सर्व्हर सांभाळते, मग काय, पोराची चैन आहे, असं कुणी म्हणू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपायची. इतरांना एक नियम, तर धाकट्याला तोच नियम जरा आवळून. आईने कधी विषय काढला तर म्हणायची, "आई, घरात तो माझा भाऊ आहे. तिथे नाही." आई म्हणायची, "तिथे कोण आहे मग?"

धाकट्याचं काम होतं धान्याच्या कोठारांवर. काठोकाठ भरलेलं कोठार चांगलं उभं असतं आणि एक दिवस खालून धान्य काढताना भिंत फुटते. का फुटते, हे त्याला शोधायचं होतं. त्याने सर्व्हरवर एक खोटं कोठार भरलं होतं. त्यातल्या प्रत्येक दाण्याची जागा, त्याची गिरकी, शेजारचा दाणा त्याला किती रेटतो, हे सगळं महिनोन्‌महिने मोजलं जात होतं. चार-पाच प्रोग्रॅम मिळून हे काम करायचे आणि सगळ्यांना एकाच वेळी वाचता-लिहिता यावं म्हणून सगळे दाणे मेमरीच्या एका अवाढव्य तुकड्यात ठेवलेले होते. अशा सामायिक तुकड्याला शेअर्ड मेमरी म्हणतात.

या तुकड्यांची नोंद कर्नल ठेवतो. कर्नल म्हणजे सर्व्हरच्या सगळ्यात आतला कारभारी. नव्या मुलांना ताई एकच गोष्ट समजावून सांगायची. "प्रोग्रॅम संपला म्हणजे तुकडा गेला असं नाही. भाडेकरू गेला तरी खोली राहते. ती मोडायची आपण, नाहीतर सर्व्हर बंद केल्यावर मोडते." मुलं मान डोलवायची आणि तुकडे तसेच टाकून घरी जायची. होता होता मेमरी भरली, सर्व्हरने मान टाकली आणि बोलणी खाल्ली ताईने.

मग तिने झाडू लिहिला. तिचा तो लाडका प्रोग्रॅम. मिनिटामिनिटाला उठायचा, आयपीसीएस ही कमांड देऊन कर्नलकडून सगळ्या तुकड्यांची यादी घ्यायचा आणि एकच रकाना बघायचा, हा तुकडा आत्ता किती प्रोसेसनी, म्हणजे चालू प्रोग्रॅमनी, धरलाय? शून्य असेल तर तुकडा खलास. ना सूचना, ना मुदत. सुट्टीच्या दिवशी घरी बसून तिने तो लिहिला तेव्हा धाकटा शेजारी बसून पाय हलवत होता. शेवटी त्याने लॅपटॉप ओढून घेतला आणि एक ओळ घातली. काही उडवलं की झाडूने ताईच्या स्क्रीनवर लिहायचं, "झाडून झालं, ताई."

"हा काय चावटपणा?" ती म्हणाली, पण ओळ काढली नाही.

मोठ्या मंडळींचे काही तुकडे तिने झाडूतून वगळले होते. मोठ्यांना नाही कसं म्हणणार? धाकट्यानेही एकदा विचारलं.

"माझापण वगळ ना."

"तुझे प्रोग्रॅम चोवीस तास त्याला धरून बसलेले असतात. झाडू तुझ्या वाटेला जाणारच नाही. आणि नियम सगळ्यांना सारखा."

"सगळ्यांना म्हणजे मला," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली.

साठवणीच्या जागेचंही तसंच. सर्व्हरला जोडलेलं डिस्कचं एक मोठं कपाट होतं, त्यात विद्यार्थ्याला एका प्रतीपुरती जागा. त्यामुळे धाकटा दाण्यांची नवी प्रत घ्यायचा ती जुन्या प्रतीवरच. "मध्येच काही झालं तर?" असं त्याने विचारलं होतं. "काय होणार आहे?" असं तिने सांगितलं होतं.

व्हायचं ते झालं. धाकट्याचा प्रोग्रॅम नवी प्रत लिहीत असताना कपाटाचा कंट्रोलर जळाला. जुनी प्रत अर्धी पुसलेली, नवी अर्धी लिहिलेली, म्हणजे दोन्ही कचऱ्यात. आता पूर्ण कोठार एकाच जागी उरलं होतं, सर्व्हरच्या मेमरीत.

सकाळी ताई आली तेव्हा तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. कपाट बंद दिसलं आणि एक प्रोसेस अडकलेली दिसली. तिने कुणाची हे न बघता हाताच्या सवयीने किल मारला, म्हणजे बंद व्हायचा हुकूम सोडला, साधा नव्हे, ज्याला कुठलीही प्रोसेस नाही म्हणू शकत नाही असा. प्रोसेस ढिम्म. मग तिने मालकाचं नाव पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

धाकटा धावत आला. तिने त्याला सगळं खरं सांगितलं. ऐकून तो पांढराफटक पडला. मग कसंनुसं हसून म्हणाला, "म्हणजे तू मला मारलंस आणि मी मेलो नाही."

"गप्प बस."

"आता काय?"

आता काहीच नाही. प्रोसेसपुढे डी हे अक्षर होतं. प्रोसेसने डिस्कला काहीतरी दिलंय, तिच्या उत्तराची ती वाट बघतेय, आणि उत्तर येईपर्यंत तिला जगातलं कुणीही उठवू शकत नाही, असा त्याचा अर्थ. ताईच्या हातात रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड होता. ती कुणाचीही फाइल उघडू शकत होती, कुणालाही हाकलू शकत होती, अख्खा सर्व्हर बंद करू शकत होती. ही एक प्रोसेस तेवढी तिला जुमानत नव्हती. सर्व्हर बंद करून चालू केला तर प्रोसेस सुटली असती. पण दाणेही गेले असते.

"तुकडा दुसरीकडे उतरवून घेऊ," धाकटा म्हणाला.

"कुठे? एवढा मोठा तुकडा मावेल अशी जागा त्या कपाटातच आहे."

"म्हणजे कपाट दुरुस्त होईपर्यंत..."

"बसायचं."

तर दोघं बसली. प्रबंध द्यायची शेवटची तारीख महिनाअखेर. मुदतवाढ मिळायची तेवढी मिळून झाली होती आणि पुढच्या महिन्यापासून हा सर्व्हरच दुसऱ्या विभागाकडे जाणार होता. पुन्हा पहिल्यापासून मोजायला धाकट्याकडे ना वेळ होता ना यंत्र. हे दाणे गेले तर पीएचडीवर पाणी सोडायचं.

कपाटवाल्या कंपनीचा माणूस रोज फोनवर तेच सांगायचा. "मॅडम, पार्ट निघालाय." ताईने आधी गोड बोलून पाहिलं, मग आवाज चढवून पाहिला, मग अक्षरशः हातापाया पडून पाहिलं. पार्ट आपला निघालेलाच. ती सर्व्हरवर कागद चिकटवून आली, "या यंत्राला कुणीही हात लावू नये." सफाईवाल्या मावशींना बजावलं, वीज बघणाऱ्याला बजावलं, संचालकांना जाऊन सांगितलं. येता-जाता ती आयपीसीएस देऊन बघायची. धाकट्याचा तुकडा जागेवर. धरणारे, एक. बाकीचे प्रोग्रॅम कपाट गेलं तेव्हाच बंद पडले होते. ती अडकलेली प्रोसेस त्याला गच्च धरून बसली होती.

आईचा फोन यायचा. "पोरगं जेवत नाही गं. तुझ्याच हातात आहे ना तिथलं सगळं? मग कर की काहीतरी."

"आई, माझ्या हातात सगळं आहे आणि काहीच नाही. कसं सांगू तुला?"

"असं कसं?"

ताई फोन ठेवायची आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायची. आजवर लोकांना "होऊन जाईल" म्हणायची तिला सवय होती. समोर आपला भाऊ खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसलाय आणि आपल्याला साधं तेवढंही म्हणता येत नाही, याची तिला मनापासून लाज वाटत होती.

एका दुपारी ती सहज त्या प्रोसेसची कर्नलमधली माहिती वाचत होती. त्यात थांबलेल्या निरोपांचा एक रकाना असतो. तिथे तिचा पहिल्या सकाळचा किल उभा होता. गेलेला नव्हता, दाराशी थांबला होता. प्रोसेस जागी झाली रे झाली की तो तिला गाठणार, आणि आता तो मागे घेणं ताईच्या हातात नव्हतं.

"म्हणजे उठल्याउठल्या मरणार?" धाकट्याने विचारलं.

"हो. एक अक्षरही लिहिणार नाही."

त्याचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "अरे, पण तुकडा राहतो! भाडेकरू गेला तरी खोली राहते. ती मेली की तू तुझा दुसरा प्रोग्रॅम लाव, तो तुकडा उघडेल आणि कपाटात उतरवेल. उलट बरंच झालं, आपोआप वाट मोकळी होईल."

धाकट्याने विचार केला. "मग दुसरा आत्ताच लावून ठेवू? नुसता धरून बसेल."

"नको. आहे तसं राहू दे. नसत्या वेळी हात लावायचा नाही." इतके दिवस ती हेच सगळ्यांना बजावत होती.

अखेर पार्ट आला. कपाटवाल्याने सकाळभर खटपट केली. ताई आणि धाकटा स्क्रीनपुढे खांद्याला खांदा लावून बसले होते. जेवायच्या सुमाराला आतून आवाज आला, "मॅडम, चालू करतोय." कपाटाचे दिवे लागले. ताईने कमांड दिली. डी अक्षर असलेली ती ओळ यादीतून नाहीशी झाली होती.

"सुटली!" धाकटा ओरडला. "ताई, सुटली!" त्याने तिला खुर्चीसकट मिठी मारली. कपाटवाला दारातून बघत राहिला आणि उगाचच त्यानेही टाळ्या वाजवल्या. ताईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली.

धाकटा कीबोर्डकडे वळला. "दुसरा लावतो."

"लाव रे, आता कुठे पळतंय ते. आधी आईला फोन कर. तिच्याही घशाखाली घास उतरत नाहीये."

त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आई, सुटली! हो, सुटली. नाही, अजून उतरवायचंय, पण सुटली." आई तिकडे रडायला लागली, मग रडता रडता ओरडायला लागली की आधी सांगता येत नव्हतं का, मग देवाचं नाव घ्यायला लागली, मग ताईचं कौतुक. "माझ्या लेकीने केलं शेवटी." ताई नुसती हसत होती. "आज दोघं घरी जेवायला या. मी वाढते," आई म्हणाली. मग काय करू आणि काय नको यावर मायलेकांचं बोलणं सुरू झालं. बोलता बोलता धाकट्याने एका हाताने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला.

"सापडत नाही म्हणतोय," तो म्हणाला.

"नंबर नीट टाकलास का?"

"तोच आहे गं. रोज बघतोय."

ताईने आयपीसीएस दिली. वर रकान्यांची नावं आली: तुकडा, मालक, आकार, किती जणांनी धरलाय. त्याखाली मोठ्या मंडळींचे वगळलेले तुकडे, एकाखाली एक, शांत. धाकट्याचा नव्हता. तिने पुन्हा दिली. पुन्हा तेच.

तेव्हा तिला कळलं. मावशींना बजावलं, वीजवाल्याला बजावलं, संचालकांना बजावलं. झाडूला बजावायचं राहिलं होतं. प्रोसेस अडकून होती तोवर तुकड्याला धरणारं कुणीतरी होतं, तोवर तो सुरक्षित होता. तिच्याच किलने प्रोसेस गेली, रकान्यात शून्य झालं, आणि आईशी बोलण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात झाडू नेहमीसारखा उठून आपलं काम करून गेला. तुकडा एकदा मोडला की कर्नल तो कुणालाच परत देत नाही. रूटलाही नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडली होती. धाकट्याने बघायच्या आत ती बंद करावी म्हणून ताईने माउसकडे हात नेला. पण तोवर तो तिच्या खांद्यावरून वाकला आणि त्याने ती ओळ वाचली. आपण लिहिलेलं आहे हे आठवत नसल्यासारखी, हळूहळू, मोठ्याने.

"झाडून झालं, ताई."

ती वळून त्याच्याकडे बघू शकली नाही. तोही जागचा हलला नाही. टेबलावर फोन तसाच चालू होता, आणि त्यातून आई विचारत होती, किती वाजेपर्यंत येताय, पानं घेऊन ठेवू का.