शिळेचं तापमान

बंद पडलेल्या सिनेमागृहाबाहेर कित्येक वर्षांनी ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागली होती. आत पडदा तोच, फाटका. खुर्च्या त्याच, पाठीला स्प्रिंग टोचणाऱ्या. पंखे मात्र मुद्दाम बंद ठेवलेले. रविवारची टळटळीत दुपार, आणि आठशे माणसं घामानं निथळत एका काळ्या दगडाकडे टक लावून बसलेली.

दगड बशीएवढा होता आणि तो हवेत होता. खाली मखमल घातलेली फळी, वर बोटभर मोकळी जागा आणि तिच्यावर दगड, कशालाही न टेकता. अधांतरीबाबांनी त्या फटीतून कागद आरपार सरकवून दाखवला. बाबांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, हे नाव लोकांनीच ठेवलेलं. मग त्यांनी फळी उचलून चक्क उलटी केली. दगड पडायला हवा होता. तो फळीखाली तसाच लटकून राहिला, तेवढंच बोटभर अंतर राखून.

“बघताय ना?” बाबा माइकमध्ये गरजले. “वजन म्हणजे काय? अहंकार! शिळेनं अहंकार सोडला, शिळा हलकी झाली. तुमच्या अंगातल्या गाठी कशाच्या? अहंकाराच्या! शिळेचं पाणी घ्या. गाठ सुटेल, आखडलेली मान सुटेल, कोर्टात अडकलेला दावासुद्धा सुटेल! पण हात लावू नका. मागच्या महिन्यात एकानं लावला, बोटाला टरारून फोड आला. पापाचा दाह, दुसरं काय!”

फोडवाला पापी कोण, म्हणून लोक एकमेकांची बोटं न्याहाळू लागले. तेवढ्यात शिळेवर पांढरी भुकटी उमटायला लागली. “कृपा!” बाबा म्हणाले, आणि सात-आठ मिनिटांत “शिळा दमली” असं जाहीर करून त्यांनी ती लाकडी चिमट्यानं उचलली, जाड लोकरीच्या शालीत गुंडाळली आणि पडद्यामागे नेली.

पहिल्या रांगेत बसलेले प्रोफेसर पुढे वाकून बघत होते. ते इथे आले होते ते थोरल्या बहिणीच्या, ताईच्या हट्टापायी. ताईच्या छातीत गाठ निघाली होती, येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं, आणि शेजारणीनं बाबांचं नाव काढल्यापासून तिनं एकच धोशा लावला होता, “एकदा बघून तर येऊ.” प्रोफेसर हसायच्या तयारीनं आले होते. आता हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

कारण तरंगणाऱ्या दगडाचं नाव त्यांना ठाऊक होतं. काही पदार्थांत वीज कणभरही अडथळ्याशिवाय वाहते, त्यांना अतिवाहक म्हणतात. असा पदार्थ चुंबकावर अधांतरी तरंगतो आणि उलटा केला तरी जागेला चिकटून राहतो. हे सारं प्रोफेसर तीस वर्षं कागदावर मांडत आले होते. अडचण एकच, तो पदार्थ भयंकर थंड करावा लागतो. खोलीतल्या साध्या हवेत हे घडवून दाखवील असा पदार्थ जगात अजून कुणाला सापडलेला नव्हता. तो असू शकतो, असं प्रोफेसरांनी बारा वर्षांपूर्वी एका दीर्घ लेखात गणितानं मांडलं होतं. तो लेख किती जणांनी वाचला म्हणाल, तर प्रोफेसरांनी आणि मुद्रितं तपासणाऱ्यानं. आणि आज घामाघूम हॉलमध्ये, बर्फाचा खडाही दिसत नसताना, त्यांचा लेख त्यांच्या डोळ्यांपुढे तरंगत होता! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसलं काहीसं त्यांना वाटलं.

“आज आपल्यात मोठे शास्त्रज्ञ बसलेत,” बाबा म्हणाले. शेजारणीनं आधीच वर्दी दिलेली असावी. “या साहेब. सांगा लोकांना, तुमचं विज्ञान काय म्हणतं?”

“आधी शिळेचं तापमान मोजू,” एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण माइक हातात आला, आठशे माणसं गप्प झाली, आणि प्रोफेसर हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यांच्या व्याख्यानाला एरवी बारा विद्यार्थी असत, त्यातले चार झोपलेले.

“एकटा इलेक्ट्रॉन वाटेत धडपडतो,” ते म्हणाले. “जोड्या जमवून अब्जावधी एकत्र निघाले, की कुणी अडवू शकत नाही. खोलीच्या तापमानाला हे होऊ शकतं असं मी बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आज डोळ्यांनी पाहिलं.”

टाळ्यांनी छत दणाणलं. खाली ताई डोळे पुसत होती. आईबापांच्या माघारी दिवसभर शिवणयंत्र चालवून तिनंच या भावाला शिकवलं होतं. सगळं जग त्याचं ऐकतंय, हे बघायला ती आयुष्यभर थांबली होती.

चार दिवसांनी सिनेमागृहावर मोठा फलक लागला. प्रोफेसरांचा फोटो, शेजारी बाबांचा, आणि खाली ठळक अक्षरात ‘आज डोळ्यांनी पाहिलं’. प्रोफेसरांनी तो बसमधून पाहिला. तो काढायला लावावा असं त्यांना वाटलं, नाही असं नाही. पण त्यांच्या फोटोखाली ‘जगद्विख्यात’ लिहिलं होतं. बस पुढे गेली.

गुरुवारी ते नव्या लेखातच बुडून राहिले. शुक्रवारी दवाखान्यात गेले तर ताई तिथे नव्हती. घरी गेले तर ती मशीनवर बसून परकराला नेफा घालत होती.

“अगं, काल ऑपरेशन होतं ना? म्हणजे… तू घरी कशी?”

“नाही म्हणून कळवलं मी,” ताई मान वर न करता म्हणाली. “पाणी चालू केलंय. बाबा म्हणाले, चाळीस दिवस.”

“ताई, त्या दगडाचा आणि तुझ्या गाठीचा काही संबंध नाही गं.”

“असं कसं? तूच तर म्हणालास, डोळ्यांनी पाहिलं. बाबा तेच सांगतात आता. अंगातले कण एकटे धडपडतात म्हणून गाठ होते, जोडीनं चालायला लागले की सुटते. तुझेच शब्द आहेत ना?”

शब्द त्यांचेच होते. ओरडून तिला थांबवायची वेळ होती ती. तिला हाताला धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण बाबांनी अभ्यासासाठी शिळेचा एक कपचा देण्याचं कबूल केलं होतं, नवा लेख अर्धा लिहून झाला होता, आणि आत्ता बाबांशी वाकडं घेणं परवडणारं नव्हतं. प्रोफेसर म्हणाले, “बघू.”

माणूस लाजेनं मरत नाही, हे एक बरं आहे. नाहीतर पुढे त्या ‘बघू’ची आठवण होई तेव्हा तेव्हा प्रोफेसर मेले असते.

आणखी चार आठवडे गेले. कपचा आज देतो, उद्या देतो, असं चाललं होतं. शेवटी प्रोफेसर संस्थेच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत गेले. तिथे भयंकर थंड अशा द्रव नायट्रोजनची पिंपं सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना नायट्रोजनबाई म्हणत. वीस वर्षांत प्रोफेसर या जिन्यानं खाली किती वेळा आले असतील, तर दोनदा, आणि त्यातलं एकदा वाट चुकून.

“बाई, एक नमुना येईल. मोजणीची तयारी ठेवा.”

बाईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग हातमोजे काढत विचारलं, “सर, तापमान किती होतं?”

“खोलीचंच. पस्तीस तरी असेल. नुसता घाम फुटत होता.”

“ते खोलीचं झालं. शिळेचं किती होतं?”

प्रोफेसरांच्या गणितात तापमान हे एक अक्षर होतं. त्याला हवी ती किंमत द्यायची आणि पुढे जायचं. त्यासाठी कधी कशाला हात लावावा लागला नव्हता.

“हात लावलात?”

“नाही. लावू देत नाहीत.”

“लोकरीत गुंडाळतात, लाकडी चिमट्यानं धरतात, हात लावला की फोड येतो. आणि ती पांढरी भुकटी मागाहून ओली होते ना?”

“हो. तेच पाणी वाटतात.”

“सर,” बाई हळूच म्हणाल्या, जणू लाज त्यांनाच वाटत होती, “फ्रीजमध्ये साचतं ना, ते हिम आहे ते. हवेतली वाफ गोठते. तुमची शिळा शून्याखाली दोनशेच्या आसपास असणार. शाळेच्या प्रदर्शनासाठी विकत मिळतात असल्या तबकड्या. आमच्याकडे कपाटात दोन पडल्यात.”

प्रोफेसरांना हे नवीन नव्हतं. पहिल्या रांगेत बसल्या बसल्या, भुकटी पाहताक्षणीच, त्यांना हे कळलं होतं. कळलेलं त्यांनी कळू दिलं नव्हतं. बाबानं लोकांना फसवलं. प्रोफेसरांना फसवायला बाबाची गरजच पडली नव्हती.

पुढच्या रविवारी फळीवर शिळा तरंगू लागली तेव्हा प्रोफेसर न बोलावता स्टेजवर चढले. टाळ्या झाल्या. बाबांनी हात पसरून स्वागत केलं.

“आज शिळा आत न्यायची नाही,” प्रोफेसर म्हणाले. “इथेच राहू द्या. मी काही करणार नाही. आपण नुसतं थांबू.”

बाबा दचकले, पण खेळाडू जातिवंत. “साहेब, शिळा दमते! तिला त्रास—”

“दमू दे. बघू तरी दमून काय करते.”

समोर पाण्यासाठी रांगेत ताई उभी होती. प्रोफेसर खाली वाकले. “ताई, तुझा रुमाल दे.” घामानं ओला झालेला रुमाल त्यांनी शिळेवर दाबून धरला. चरचर आवाज झाला. रुमाल चिकटला आणि सोडवला तेव्हा पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहिला. त्यांनी तो ताईच्या हातात दिला.

“अगं बाई! बर्फ आहे हा!”

“धक्के मारून खाली काढा त्या प्रोफेसराला!” कुणीतरी ओरडलं. दोघे-तिघे उठले. पण तेवढ्यात सगळ्यांच्या माना शिळेकडे वळल्या. ती बसत होती. बोटभराची फट अर्धी झाली, मग कागदाएवढी, आणि टक् असा बारीकसा आवाज होऊन शिळा फळीवर टेकली, कुठल्याही दगडासारखी. त्याच वेळी प्रोफेसरांबरोबर आलेल्या नायट्रोजनबाईंनी मागचा पडदा ओढला. जनावरांच्या दवाखान्यात असतो तसला ॲल्युमिनियमचा कॅन तिथे उघडा होता आणि त्यातून पांढरं धुकं जमिनीवरून स्टेजवर सरपटत आलं.

“मखमलीखाली लोहचुंबक आहेत,” बाई म्हणाल्या. “या कॅनमधल्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून तबकडी गार करायची. गार आहे तोवर तरंगते. ऊब लागली की संपला चमत्कार. पाण्यात औषध म्हणाल, तर हवेतला दमटपणा. तुमच्या घामाचाच म्हणा हवं तर. त्यासाठी तर पंखे बंद!”

पितळ उघडं पडलं तरी बाबांची जीभ शाबूत होती. “मी कधी म्हटलं की शिळा गार नाही?” ते प्रोफेसरांकडे बोट दाखवून ओरडले. “खोलीच्या तापमानाची गोष्ट यांनी काढली! डोळ्यांनी पाहिलं, हे कोण म्हणालं? विचारा!”

यावर प्रोफेसरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण बाबा आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलत होता.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. माइक नव्हता, पण हॉल इतका शांत होता की ऐकू गेलं. “मी म्हणालो. मोजलं नव्हतं, हात लावला नव्हता. मला हवं होतं तेच मी पाहिलं. यांनी तुम्हाला पाणी दिलं, आणि त्यावर ठसा माझा होता. तुमच्यापैकी ज्यांनी औषधं बंद केली असतील, त्यांनी आजच्या आज डॉक्टरकडे जा. मी शिकलेला आहे म्हणून माझं ऐकू नका. शिकलेला माणूससुद्धा फसतो, आणि तो फसला की आठशे जणांना घेऊन फसतो. कुणी काही तरंगून दाखवलं, तर तीनच गोष्टी मागा. हात लावू द्या, मोजू द्या, थांबू द्या. जो नको म्हणेल, त्याचा चमत्कार तिथेच संपला.”

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. लोक एकमेकांकडे न बघता बाहेर पडले. एका म्हातारीनं तेवढी जाता जाता पाण्याची बाटली प्रोफेसरांच्या पायाशी रिकामी केली. ताई रुमालाची घडी घालायचा प्रयत्न करत होती. घडी पडत नव्हती.

ऑपरेशन ठरल्या दिवसापेक्षा सहा आठवडे उशिरा झालं. आदल्या सकाळी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. ताईनं त्यांना विचारून विचारून भंडावलं. तपासणी कधीची, कुणी केली, तुम्ही स्वतः हात लावून पाहिलंत ना? डॉक्टरीणबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली.

“सहा आठवड्यांत वाढली का हो?” शेवटी प्रोफेसरांनी विचारलं.

“वाढलीय. किती पसरलीय ते उघडल्यावर कळेल. आत्ता मला माहीत नाही.”

मला माहीत नाही. किती सरळ बोलून गेल्या त्या! माइक हातात असताना हे तीन शब्द प्रोफेसरांच्या तोंडून निघाले नव्हते. त्यांनी मान खाली घातली ती वर होईना.

“ताई, माझ्यामुळे गं,” ते कसेबसे म्हणाले.

“हो, तुझ्यामुळेच,” ताई म्हणाली. तिनं खोटं समाधान दिलं नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. मग तिनं उशीखालून तोच रुमाल काढला, धुऊन इस्त्री केलेला, आणि त्यांच्या खिशात कोंबला.

“ठेव जवळ. पुन्हा कुठे मनासारखं काही दिसलं, तर आधी हा लावून बघ.”