मुलींचा जादा तास

एका जागी बसवत नसे म्हणून पहिलीतच तिचं नाव भिंगरी पडलं, आणि ते नववीपर्यंत तिच्याबरोबर वर चढत आलं. बाकी विषयांत ती बेताचीच. निबंध म्हटला की चार ओळींत तिचं सगळं सांगून व्हायचं. गणिताच्या तासाला मात्र प्रश्न विचारण्याआधीच बाईंना तिच्याकडे बघून डोळे वटारावे लागत, म्हणजे इतरांना विचार करायला जरा उसंत मिळे.

गणिताच्या बाई या शाळेत मुरलेल्या होत्या. त्या स्वतः कॉलेजात असताना गणिताच्या वर्गात एकट्याच मुलगी होत्या, त्यामुळे मुलींच्या बाबतीत त्यांचं मन हळवं होतं. एकदा त्यांनी फळ्यावर पाच टोकांची चांदणी काढली आणि पाचही टोकांच्या कोनांची बेरीज विचारली. वर्ग रेषा वाढवायला, कोनांना अक्षरं द्यायला लागला. भिंगरी उठून फळ्यापाशी आली. तिने आपली पेन्सिल चांदणीच्या एका रेषेवर धरली, टोकापर्यंत सरकवली, तिथल्या कोनाएवढी फिरवली, पुढच्या रेषेवरून नेली, पुन्हा फिरवली. पाचही टोकं फिरून पेन्सिल पहिल्या जागी आली तेव्हा तिची दिशा बरोबर उलटी झाली होती.

"अर्धा फेरा झाला," ती म्हणाली. "म्हणजे एकशे ऐंशी अंश. यात लिहायचं काय?"

बाई त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये एकट्याच हसत होत्या.

थोड्याच दिवसांत वरच्या कार्यालयातून सगळ्या शाळांच्या निकालाचे तक्ते आले. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, त्यांच्या शाळेचा तक्ता शिक्षकांच्या खोलीत लावला. गणितात आणि विज्ञानात मुलांची रेघ वर होती, मुलींची खाली. भाषांत उलटं होतं, पण त्यावर कुणी काही बोललं नाही. मोठे सर मनाने सज्जन, पण वरून काही आलं की त्यांची झोप उडायची.

"याचं काहीतरी करायला हवं," ते म्हणाले.

"मुली पाठ करतात हो," विज्ञानाचे सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "समजून घ्यायचं म्हटलं की गाडी अडते."

बाईंना ते झोंबलं. "मी मुलींचा जादा तास घेते," त्या म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर. रोज."

"कुणाकुणाला बसवणार?" मोठ्या सरांनी विचारलं.

"सगळ्यांना. कच्च्या तेवढ्या निवडून बसवल्या तर त्यांना कमीपणा वाटेल."

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

तास सुरू झाला तो तळमजल्यावरच्या, मोडके बाक ठेवायच्या खोलीशेजारच्या वर्गात. शाळा सुटली की मुलं मैदानात पळत आणि मुली दप्तरं घेऊन खाली उतरत. पहिल्याच आठवड्यात मुलांनी त्यांना 'जादा' म्हणायला सुरुवात केली. "चला, जादा निघाल्या." यात फार विखार नव्हता. मुलींनाही हसू यायचं.

बाईंनी अपूर्णांकांपासून आरंभ केला. सावकाश, एकेक पायरी. भिंगरीला पहिल्या दिवशी मौज वाटली, दुसऱ्या दिवशी जांभया आल्या. बाईंनी तिला दुसऱ्या मुलींना समजावायला बसवलं, तर ती मधल्या चार पायऱ्या गाळून सरळ उत्तरावर उडी मारायची आणि ऐकणारी रडकुंडीला यायची.

"एवढं येतं तर इथे कशाला आलीस?" एकीने तिला तोंडावर विचारलं.

भिंगरीलाही तो प्रश्न पडलाच होता. तास संपल्यावर ती बाईंच्या टेबलापाशी रेंगाळली.

"बाई, मला याची गरज आहे का?"

बाई फळा पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "गरज सगळ्यांनाच असते गं."

तिला वगळलं असतं तर बाकीच्याही उद्या कारणं घेऊन आल्या असत्या, एवढंच त्यांच्या मनात होतं. भिंगरी मान हलवून गेली.

तिच्या बाबांचं काचांचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा कापून बसवायच्या, आरसे करून द्यायचे. मोठ्या काचेतून लहान तुकडे कसे काढले म्हणजे कमीत कमी वाया जाईल, हा हिशेब पाचवीपासून भिंगरीकडे होता. ती मापं बघायची, थोडा वेळ डोळे बारीक करायची आणि बोटाने काचेवर रेघा दाखवायची. बाबा मुकाट कापायचे.

तिला घरी यायला उशीर होऊ लागला तेव्हा बाबांनी विचारलं, "तुला कशाला थांबवतात? कच्ची आहेस का?"

"सगळ्याच मुलींना थांबवतात."

"आणि मुलांना?"

"मुलं खेळतात."

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे मुलींचंच कच्चं असतं. आईवर गेलीस म्हणायची."

"माझ्यावर कशाला ढकलता," आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. ती हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती, आणि घरीही तिच्या हाताला घडीशिवाय करमत नसे. "पण खरं आहे. मला आकडे दिसले की डोकंच बंद पडायचं. माझ्या बहिणींचंही तेच."

तिघंही हसले. जेवणं झाली.

त्यानंतर बाबा भिंगरीने दाखवलेल्या रेघा कॅल्क्युलेटरवर ताडून बघू लागले. अविश्वास म्हणून नव्हे, काच महाग म्हणून. हिशेब प्रत्येक वेळी बरोबर यायचा. पण बाबा बटणं दाबेपर्यंत भिंगरी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची, आणि असं उभं राहणं तिला पूर्वी माहीत नव्हतं. मग तीही रेघ दाखवण्याआधी मनात पुन्हा मोजू लागली. पुन्हा मोजलं की पहिल्याबद्दल शंका यायची. एका संध्याकाळी तिने दोन मापं उलटसुलट सांगितली. बाबांचं दुसरीकडे लक्ष होतं, त्यांनी कापून टाकलं, आणि अख्खी काच फुकट गेली.

भिंगरी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली.

"असू दे," बाबा म्हणाले. "तुझ्यावर एवढा भार टाकायलाच नको होता."

त्या दिवसापासून ते हिशेब स्वतः करू लागले.

वर्गात काय होतंय ते बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण जादा तासाला त्यांच्यासमोर वेगळंच, आनंदाचं काही घडत होतं. वर्षानुवर्षं नापास होणाऱ्या मुलींना भागाकार जमू लागला होता. मागच्या बाकावरची एक, फळ्यापाशी यायचं म्हटलं की जिला कापरं भरायचं, ती आता आपणहून खडू मागायची. या सगळ्यात भिंगरी गप्प झाली हे बाईंना आधी शिस्तच वाटलं. एका जागी बसायला लागली एकदाची, असं त्या विज्ञानाच्या सरांना म्हणाल्यासुद्धा. मग एकदा वह्या तपासताना तिच्या वहीचा कागद खोडरबराने झिजून फाटलेला त्यांना दिसला.

सहामाहीच्या गणिताच्या पेपराच्या दिवशी मोठे सर मुद्दाम परीक्षेच्या हॉलमध्ये आले. "मुलींनो," ते मायेने म्हणाले, "या वेळी दाखवून द्यायचं हं. सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे आहे."

भिंगरीने पेन उघडलं आणि कितीतरी वेळ नुसतं हातात धरलं.

बाईंनी तिचा पेपर तपासायला घेतला तेव्हा पहिल्या पानावरच त्या थांबल्या. उत्तर बरोबर होतं, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, दोन ओळींत. त्यावर पट्टीने आडवी रेघ मारलेली. खाली जादा तासाला शिकवलेल्या लांबलचक पायऱ्या, त्यात मध्ये कुठेतरी चिन्ह चुकलेलं आणि शेवटी चूक उत्तर. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. खोडलेल्याला गुण देता येत नव्हते. भिंगरी काठावर पास झाली.

बाईंनी तिला रिकाम्या वर्गात बोलावलं आणि पेपर तिच्यापुढे ठेवला.

"हे का खोडलंस?"

भिंगरीने बघितलं. "चुकलं होतं म्हणून."

"बरोबर होतं. हे बघ, सगळी बरोबर होती."

ती पुन्हा बघू लागली. तिला आनंद झाला नाही. अवघडल्यासारखी ती म्हणाली, "इतक्या लवकर आलं, बाई. मला वाटलं, इतक्या लवकर येतंय म्हणजे काहीतरी सुटलं असणार."

"आधी तर लवकरच यायचं तुला."

"आधी मला कळत नव्हतं."

"काय कळत नव्हतं?"

भिंगरीने खांदे उडवले.

त्याच दुपारी त्या मोठ्या सरांकडे गेल्या आणि जादा तास बंद करू या म्हणाल्या. सरांनी चष्मा काढला.

"अहो, मुलींचा निकाल सुधारलाय. पहिल्यांदाच. नापास होणाऱ्या कितीतरी पास झाल्या. खोटं आहे का हे?"

"खोटं नाही."

"मग एका मुलीपायी त्या सगळ्यांना वाऱ्यावर सोडायचं? तुम्हीच सांगा."

बाईंच्या डोळ्यांपुढे ती खडू मागणारी मुलगी आली. शेवटी भिंगरीपुरती सूट मिळाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला जिन्यात गाठलं. "उद्यापासून तू जादा तासाला येऊ नकोस. मैदानात जा, घरी जा. तुला गरज नाही."

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. "काठावर पास झाले म्हणून?"

"नाही गं, उलट..."

"मी जास्त अभ्यास करीन. मला काढू नका, बाई. तुम्हीच म्हणाला होता, गरज सगळ्यांनाच असते."

बाई समजावत राहिल्या, तू हुशार आहेस, सगळ्यांत हुशार आहेस, म्हणूनच म्हणते. जितकं जास्त त्या बोलत गेल्या तितकी तिची खात्री पटत गेली की बाई नापासांचं मन राखतात तसं आपलं राखताहेत. अखेर बाई म्हणाल्या, "बरं, येत जा." ती येत राहिली. पहिल्या बाकावर बसायची आणि फळ्यावरचं सगळं, तारखेसकट, उतरवून घ्यायची.

वार्षिक परीक्षेनंतर मोठ्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर केक मागवला. दोन रेघांमधलं अंतर कमी झालं होतं. वरून शाबासकी आली होती, आणि हा उपक्रम आणखी शाळांत करावा असं घाटत होतं. विज्ञानाच्या सरांनी बाईंना केकचा मोठा तुकडा दिला. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्याच आठवड्यात दहावीला कुणी कोणतं गणित निवडलं ते कळलं. पुढे विज्ञानाला जायचं तर अवघड गणित घ्यावं लागे, नाहीतर सोपं होतं. जवळजवळ सगळ्या मुलींनी सोपं घेतलं होतं. भिंगरीनेही.

बाई शाळा सुटल्यावर तिच्या बाबांच्या दुकानात गेल्या. बाबांनी लगबगीने खुर्ची पुढे केली, तिच्यावरची काचेची भुकटी फडक्याने दोनदा झटकली.

"तिला अवघड गणित घ्यायला सांगा," बाई बसता बसता म्हणाल्या. "तिच्या डोक्याची मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही."

बाबांना भरून आल्यासारखं झालं. "तुमचे उपकार आहेत. तुम्ही रोज थांबून एवढी मेहनत घेतलीत. तिनेही घेतली, मी बघत होतो ना. तरी काठावरच. आता किती ताणायचं पोरीला? रडते हो ती, तुम्हाला म्हणून सांगतो."

"मेहनत नव्हती तेव्हाच तिला येत होतं."

हे वाक्य बाहेर पडल्यावर बाईंना कळलं की ते वेड्यासारखं वाटतंय. बाबांनी नम्रपणे मान डोलावली. शाळेच्या बाई अशा आपणहून दुकानापर्यंत येतात, यानेच ते भारावले होते, आणि पाहुण्याला खोडून काढायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

भिंगरी आत एक नवा आरसा कागदाने पुसत होती. बाबांनी तिला बाईंना बसथांब्यापर्यंत पोचवून यायला सांगितलं.

दोघी निघाल्या. रस्त्यात ट्रक माल उतरवत होता, त्याला वळसा घालून जावं लागलं. भिंगरी बाईंच्या चालीने सावकाश चालत होती. पूर्वी ती चार पावलं पुढे असायची.

"तू रडतेस, असं बाबा म्हणाले."

"आता नाही रडत. सोपं घेतलं ना, आता बरं वाटतंय. खरंच."

"एकदा फक्त माझ्यासाठी प्रयत्न करून बघ. मी जादा तास नाही घेणार. तू आणि मी. तुझ्या पद्धतीने."

भिंगरीने मान खाली घातली. बाईंना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. थांब्यावर पोचेपर्यंत ती शब्द जुळवत होती.

"बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही छान शिकवलंत. माझंच डोकं तसं नाहीये."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही." तिने आठवून बघितलं, प्रामाणिकपणे. "कुणीच नाही सांगितलं."

बाई म्हणाल्या, तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. भिंगरी हसली. मोठी माणसं समजूत घालायला काहीबाही बोलतात आणि आपण ते शहाण्यासारखं ऐकून घ्यायचं असतं, तसं ती हसली. बस आली. बाईंची पिशवी तिने वर दिली, पायरीवर त्यांचा कोपर सांभाळला, आणि बस सुटल्यावर ती दुकानाकडे परत गेली. तिथे बाबा एक मोठी काच दुसऱ्या बाजूने धरायला तिची वाट बघत होते.